कातर रे भाजी

तीन दिवस झाले, डोक्यातून जातच नाहीये. जत्रेच्या नाटकात बाबूला एकच वाक्य होतं, "महाराज, गडाचे दरवाजे उघडले", आणि विंगेतून आत सोडताना मी त्याच्या कानात म्हटलं, "विसरू नको हां." तो गेला, "महाराज" म्हणाला आणि थांबला. प्रॉम्प्टरने दोनदा सांगितलं तरी नाही. फेट्याची पिन निसटून कापड कानावर आलेलं, ते एका हाताने धरून नुसता समोर बघत उभा. पहिल्या रांगेत ती खुर्ची यंदाही मांडलेली, असो, ते नको आत्ता.

सगळे म्हणतात लहान आहे, होतं असं. पण मीच का म्हटलं 'विसरू'? दुसरा शब्द नव्हता का मला?

काल पणजीत जुन्या सेक्रेटरिएटजवळून चालत होते आणि आबे फारियाच्या, म्हणजे संमोहन करणाऱ्या त्या आपल्या गोंयकार पाद्रीच्या, पुतळ्यासमोर पाय थांबले. १९४५चा पुतळा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. ते ताणलेले हात, खाली कोसळता कोसळता राहिलेली बाई. लहानपणी वाटायचं तो तिला ढकलतोय. काल त्याची गोष्ट आठवली आणि घशात काहीतरी दाटलं. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि वाचाच बसली, तेव्हा बापाने हळूच कोंकणीत म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी, म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज आणि काप, आणि पोरगा बोलायला लागला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण त्याच्या बापाला ते सुचलं आणि मला हे सुचलं, हेच बोचतंय.

कॉलेजात शिकलेलं सगळं वर येतंय. वॉटसन नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा बारा धडधाकट बाळं माझ्या हाती द्या, हवं ते घडवून दाखवतो. तो खरा असेल तर बाबूचं ते गप्प होणं सगळं माझ्या पदरात. पण आपला हा कांदोळीचा १७५६ साली जन्मलेला माणूस पॅरिसात जाऊन उलटंच सांगत होता. लोकांना असं झोपवणारा डॉक्टर मेस्मर म्हणे अंगातून चुंबकासारखं काहीतरी वाहतं, फारिया म्हणाला माझ्यातून काही जात नाही, झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून, मी फक्त सुचवतो. पुढे फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टर बर्नहाइमने सूचनेचा हाच धागा पुढे नेला आणि १८८९ला फ्रॉइड तिथे बघायला गेला. केवढा मोठा विचार आपल्या गावच्या माणसाचा, आणि आपण पुतळ्यासमोरून रोज बस पकडायला धावतो.

म्हणजे शब्द माझा, पण उचलायचा की नाही ते बाबूचं? थोडं हलकं वाटलं. मग परत, पण आईचा शब्द पोरगं उचलणार नाही तर कोणाचा उचलणार?

आज सकाळी शेवटी विचारलंच. पोय पातळभाजीत बुडवत होता. म्हटलं, माझ्यामुळे विसरलास ना रे? तो म्हणाला, "विसरलो नाही गे आई. आजोबांची खुर्ची दिसली." आणि तोंडात घास तसाच ठेवून अख्खं वाक्य म्हणून दाखवलं, महाराजांसकट.

मी त्याला अजून भाजी वाढली.