दादऱ्यातली विरार फास्ट

तिकीट काढून गाणं ऐकायला गेलं की सगळं पहिल्यापासून हवं असतं. मागच्या नाताळात एका सभागृहात दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर मध्यंतरापर्यंत दाराबाहेर समोसा खात बसावं लागलं. चूक माझीच, पण समोसाही गार होता. लोकलमध्ये तसं नाही. गाणं मधूनच लागतं, आपलं स्टेशन आलं की मधेच सोडायचं.

24 डिसेंबरची संध्याकाळ. मित्राकडे नाताळाला वसईला निघालो होतो. दादरला कसाबसा आत शिरलो तेव्हा भजनी मंडळ चर्चगेटपासूनच रंगात आलेलं. खिडकीच्या गजाला विठोबाची तसबीर, तिला झेंडूचा हार, टाळ आणि ढोलकी. अंधेरीला एक मुलगा गिटार पोटाशी धरून घुसला.

"ए, विरार आहे ही!"

"वसईलाच उतरायचंय, काका. क्वायरला उशीर झालाय."

गिटार हातोहात डोक्यांवरून रॅककडे निघाली, तेवढ्यात बुवा म्हणाले, "वर ठेवून काय करतोस? वाजव की!" आणि सरकून चक्क चौथी सीट दिली. विरार गाडीत याहून मोठा सत्कार नाही.

मुलाने 'सायलेंट नाइट' धरलं. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी हे पहिल्यांदा गायलं गेलं ते 1818 च्या 24 डिसेंबरलाच, आणि तेही गिटारच्याच साथीनं. म्हणजे दिवस आणि वाद्य दोन्ही बरोबर होती, फक्त आमचा ढोलकीवाला सवयीने केरव्यात शिरला. आठ मात्रांत ते गाणं काही बसेना. दोनदा सम हुकली. तिसऱ्यांदा त्याने हात थांबवला, डोळे मिटले, मांडीवर बोटांनी मोजलं.

"अरे, हा तर दादरा!"

"दादर कधीच गेलं," दारातून कोणीतरी ओरडलं.

मग धा धि ना, धा ती ना. सहा मात्रा अशा बसल्या, जणू त्या गाण्याच्या मापानेच ढोलकी मढवली होती. टाळकऱ्यांचीच थोडी पंचाईत झाली. इतक्या हळू टाळ वाजवायची त्यांना सवय कुठली? एकाने टाळ मुठीत दाबून नुसतं किण् केलं, बाकीच्यांनी तेच उचललं. शब्द कोणालाच येत नव्हते. बुवांनी सरळ आकार लावला, तो जरा भैरवीकडे झुकला. पण ते चालून गेलं.

भाईंदर सुटलं आणि गाडी खाडीच्या पुलावर चढली. धडधडीत काहीच ऐकू येईना. मुलाचे ओठ हलताना दिसत होते, ढोलकीवाल्याची मान डुलत होती. पूल संपला तेव्हा दोघे बरोबर एकाच मात्रेवर होते.

वसईला तो उडी मारून उतरला, मागून मी. गिटारच्या खोळीला झेंडूची पाकळी चिकटलेली. गाडी हलली तेव्हा बुवांनी पुन्हा विठ्ठल लावला होता, ढोलकी मात्र अजून दादऱ्यातच होती.