‘अन्य कोणत्याही कारणाने’
त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात मी फ्लॅट घेणाऱ्यांचा वकील म्हणून उभा होतो. मुद्रांक भरलेला, डेटा एंट्री झालेली, टोकन हातात. विकणाऱ्या वडिलांच्या वतीने मुलगी सही करणार होती. तिच्याकडचं २०१९ चं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) बघून बरं वाटलं. विक्रीचा, मोबदला घेण्याचा आणि निबंधकासमोर दस्त करून दिल्याची कबुली देण्याचा अधिकार वेगवेगळा लिहिलेला. कबुलीचा अधिकार बरेच जण विसरतात आणि दस्त तिथेच अडतो.

अशा दस्ताला मुखत्यारधारकाचं घोषणापत्र जोडावं लागतं. मजकूर छापील असतो. एजंट बोट ठेवतो, लोक सही करतात. पत्र रद्द केलेलं नाही, लिहून देणारा मयत नाही आणि ‘अन्य कोणत्याही कारणाने’ ते रद्दबातल ठरलेलं नाही, असं त्यात कबूल करायचं. खोटं निघालं तर नोंदणी अधिनियम १९०८ चं कलम ८२, सात वर्षांपर्यंत कैद. ही ओळ मी नेहमी वाचून दाखवतो आणि विचारतो, वडील कसे आहेत?

“हयातीचा दाखला आणलाय,” ती म्हणाली. मग हळूच, “पण वकीलसाहेब, ओळखत नाहीत ते मला. वर्ष झालं.”

करार अधिनियम १८७२ च्या कलम २०१ नुसार लिहून देणारा वारला किंवा त्याचं मन विकल झालं की मुखत्याराचा अधिकार संपतो. या पत्रात तर ‘मी निर्णय घेण्यास असमर्थ झालो तरी हे अमलात राहील’ असं वाक्य होतं. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने तसं टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. परदेशी नमुन्यातलं वाक्य उतरवून म्हाताऱ्या माणसाला निर्धास्त करणाऱ्या वकिलाचा मला अजून राग येतो.

“सही होऊ द्या, कोण विचारतंय?” एजंट म्हणाला. विचारणारा उद्याचा एखादा वारस असतो, आणि तारखा दवाखान्याच्या फाइलमध्ये असतात. मी दस्त थांबवला. पैसे वडिलांच्याच शुश्रूषेला हवे होते, हे मला नंतर कळलं.

आता मुलीला उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली वडिलांसाठी पालक नेमण्याची याचिका करावी लागेल. १८९० चा पालक व पाल्य कायदा अल्पवयीन मुलांपुरता आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साध्या कागदावर प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता; घर विकायला त्याचा उपयोग नाही. याचिकेसाठी न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र, सगळ्या वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं, ठेवी-मालमत्तेची यादी आणि महिन्याच्या खर्चाचा हिशोब जमवायचा. न्यायालय बहुधा सरकारी डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घेतं. भाऊ परदेशात आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून यायचं.

२०१९ मध्येच १८८२ च्या न्यास अधिनियमाखाली फ्लॅटचा खासगी न्यास (ट्रस्ट) करून मुलीला विश्वस्त नेमलं असतं, तर वडिलांच्या आजारपणाने तिचा अधिकार गेला नसता. मुद्रांकाचा खर्च वाढला असता, एवढंच. पत्राच्या शेवटच्या पानावर कार्यालयात काढलेला वडिलांचा फोटो आहे, शेजारी अंगठा. तेव्हा सगळं कळत होतं त्यांना. हा पर्याय कुणी सांगितला असता तर त्यांनी तो केला असता, असं तो फोटो बघताना मला वाटत राहतं.