ग्रॅनाइटच्या फटीतून पाणी: माझ्या थीसिसचा अनुभव

माझा थीसिस होता ग्रॅनाइटच्या फटींमधून पाणी किती वाहतं आणि त्याचा खडकाच्या ताकदीशी काय संबंध यावर, आणि खडक फ्रान्समधल्या सुल्त्झ-सू-फोरे इथल्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतली उष्णता वापरणाऱ्या, प्रोजेक्टचा. आईला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे वज्रेश्वरीसारखं कुंड का रे? साधारण तसंच, फक्त इथे पाणी आपणहून वर येत नाही, ५ किमी खोल बोअर मारायचं, तिथे २०० डिग्रीच्या आसपास तापमान, गरम पाणी वर काढून उष्णता घ्यायची आणि गार झालेलं दुसऱ्या बोअरमधून परत खाली ढकलायचं. घोडं अडतं ते मधल्या ग्रॅनाइटपाशी, कारण अखंड ग्रॅनाइटमधून पाणी जवळपास जातच नाही, जे काय जातं ते फटींतून.

पहिलं काम प्लग, म्हणजे खडकाचे छोटे दंडगोल, कापायचं. सुल्त्झला ईपीएस-१ नावाचं बोअर आहे, २२२७ मीटरपर्यंत, त्याच्या ग्रॅनाइटचा सलग कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा दांडा, ठेवलाय, त्यातले तुकडे मिळाले. या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक काही ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरचे आणि आमचा प्लग २० मिमी व्यासाचा, ४० मिमी उंच, म्हणजे एखाद्या प्लगमध्ये अर्धा भाग एकच स्फटिक! त्यामुळे शेजारी शेजारी कापलेल्या प्लगची ताकद पण जुळत नाही आणि ग्राफवर ठिपके इकडेतिकडे पसरतात. म्हणून ज्यांना असला प्रोजेक्ट करायचाय त्यांना सांगतो, लागतील त्यापेक्षा भरपूर प्लग कापून ठेवा आणि प्रत्येकाचा कापायच्या आधी आणि नंतर फोटो काढा, नंतर कोणता कोणता ते कळत नाही.

मग दोन्ही टोकं घासून समांतर करायची, ओव्हनमध्ये वाळवायचं, पोरोसिटी, म्हणजे आतली पोकळ जागा, मोजायची, प्रेसमध्ये दाबायचं. ताजा ग्रॅनाइट १०० मेगापास्कलच्या वर सहज जातो आणि फुटतो तेव्हा आवाज असा येतो की शेजारच्या रूममधले बघायला येतात. ताणात मात्र तोच खडक त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तुटतो, तो मोजायला असते चकती कडेवर उभी ठेवून दाबायची ब्राझिलियन टेस्ट. आम्ही तिचा उपयोग फट पाडायला केला, चकती मधोमध उभी चिरते.

आता खरी गंमत. चिरलेले दोन तुकडे जसेच्या तसे बसवून बाहेरून प्रेशर वाढवत नेलं की प्रवाह झपाट्याने पडतो, कारण दोन्ही पृष्ठभाग कवळीसारखे एकमेकांत बसतात. तेच एक तुकडा मिलिमीटरभर सरकवून बसवला तर उंचवटे उंचवट्यांवर टेकतात आणि फट उघडी राहते. आणि फटीची रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह आठपट होतो, कारण तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे केसाएवढ्या फरकाला पण किंमत आहे.

सुल्त्झला जमिनीखाली हेच करायचा प्रयत्न झाला. पाणी प्रेशरने घातलं की जुन्या फटींवरचा दाब हलका होतो, त्या थोड्या घसरतात आणि परत पूर्ण बसत नाहीत. पण घसरणं म्हणजे छोटा भूकंपच, २००३ मध्ये तिथे २.९ मॅग्निट्यूडचा झाला, नंतर आम्ल घालून फटींतला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, विरघळवण्याकडे वळले. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला अशाच प्रोजेक्टमध्ये २००६ मध्ये ३.४ चा झाला आणि तो प्रोजेक्टच बंद पडला. मी कराडचा, कोयनेच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्यामुळे पाणी आणि भूकंप हे नातं मला कोणी वेगळं समजवायची गरज नव्हती.

म्हणजे खडक मजबूत असेल तर उंचवटे टिकतात, फट उघडी राहते. बदललेल्या ग्रॅनाइटमध्ये, म्हणजे जुन्या गरम पाण्याने फेल्डस्पारचं इलाइट नावाचं चिकणमातीचं खनिज झालेल्या, उंचवटे चिरडतात, भुकटी होते आणि तीच फट तुंबवते. प्रेशर उतरवलं तरी प्रवाह परत पहिल्यासारखा होत नाही. पण गोची अशी की हाच खडक आतून जास्त सच्छिद्र असतो आणि सुल्त्झला पाणी जिथून येतं त्या झोनच्या आजूबाजूला हाच सापडतो! त्यामुळे "मऊ म्हणजे वाईट" असं सरळ लिहिता येत नाही, माझ्या मते तर तिथे मोठ्या प्रेशरपेक्षा आम्लच बरं, भूकंपाचा धोकाही कमी.

व्हायव्हाला एका सरांनी विचारलं, दोन सेंटिमीटरच्या प्लगवरून पाच किलोमीटर खालचं कसं सांगणार? मी म्हटलं आकडे नाही सांगता येणार सर, दिशा सांगता येईल, कुठल्या फटी टिकतील आणि कुठल्या बसतील. ते हं म्हणाले आणि क्लिंकेनबर्ग करेक्शनकडे, म्हणजे गॅसने मोजलेल्या पारगम्यतेत करायच्या दुरुस्तीकडे, वळले, त्यावर मग अर्धा तास गेला.