बंद केलेली विंडो मेमरीतून का जात नाही

गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) असलेल्या भाषेत मेमरी लीक होत नाही, म्हणजे नको असलेली मेमरी अडकून राहत नाही, हा समज जीयूआय (विंडो-बटणांचा इंटरफेस) लिहिताना फार महागात पडतो. कलेक्टर एवढंच बघतो, की एखाद्या रूटपासून (चालू थ्रेड, स्टॅटिक फील्ड अशा सुरुवातीच्या जागेपासून) त्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येतं का. येत असेल, तर ते राहतं. तुमचं त्याच्याशी काम संपलंय, हे त्याला कळायला मार्गच नाही.

मूळ बहुतेकदा लिसनरमध्ये सापडतं. विंडो उघडताना मॉडेलकडे (डेटा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टकडे) लिसनर जोडते, म्हणजे बदल झाला की बोलवायचा कोड. वाटतं, विंडोने मॉडेलला धरलंय. खरं तर मॉडेलच्या लिसनर-यादीने विंडोला धरलेलं असतं. मॉडेल प्रोग्रॅम संपेपर्यंत जगणार असेल, तर विंडोही जगते आणि सोबत तिची टेबलं, चित्रं, अनडूचा सगळा इतिहास.

काढतानाही गफलत होते. जावात जोडताना आणि काढताना मेथड रेफरन्स (मेथडकडे बोट दाखवणारं ऑब्जेक्ट) नव्याने लिहिला, तर सहसा दोन वेगळी ऑब्जेक्ट्स तयार होतात. काढायची ओळ निमूट चालते, पण यादीतून काहीच जात नाही. सी-शार्पमध्ये तोच लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) दोनदा लिहिला तरी हेच. लिसनर एका फील्डमध्ये ठेवा आणि तोच काढा. वीक रेफरन्सचा (कलेक्टरला न अडवणाऱ्या दुव्याचा) मोह मला धोक्याचा वाटतो: त्या लिसनरला दुसरं कुणी धरलं नसेल, तर पुढच्या जीसीला (कलेक्टरच्या फेरीला) तो नाहीसा होतो आणि स्क्रीन अपडेट होणं गुपचूप थांबतं.

स्विंगमध्ये, म्हणजे जावाच्या जीयूआय लायब्ररीत, आणखी एक गोष्ट. जेफ्रेम आणि जेडायलॉग या तिच्या विंडो बंद करताना मुळात फक्त लपतात. डिस्पोज (धरलेली संसाधनं सोडणं) आपणच करायचं असतं. चालू राहिलेला टायमरही स्वतःच्या लिसनरला, पर्यायाने विंडोला, सोडत नाही.

तपासायचं कसं? तीच विंडो २० वेळा उघडा, बंद करा. मग जेसीएमडीने (जावासोबत येणाऱ्या कमांडने) क्लास हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या क्लासची किती ऑब्जेक्ट्स आहेत याची यादी, काढा. तो आधी पूर्ण जीसी करूनच मोजतो. विंडोच्या क्लासची २० इन्स्टन्स उरली, तर लीक नक्की. एखादंच उरलं तर घाबरू नका, फोकस सांभाळणारा कोड कधीकधी शेवटची विंडो धरून ठेवतो. पुढे हीप डंप (ऑब्जेक्ट्स राहतात त्या मेमरीची, हीपची, फाइल) घ्या, एक्लिप्स मॅट या मेमरी तपासायच्या टूलमध्ये उघडा आणि वीक, सॉफ्ट रेफरन्स वगळून जीसी रूटपर्यंतचा मार्ग बघा. दोषी फील्डचं नाव त्या मार्गातच असतं.

विंडोजवर हीप स्वच्छ दिसूनही प्रोग्रॅम कोलमडू शकतो. जीडीआय (विंडोजची चित्र काढायची यंत्रणा) हँडल्सची, म्हणजे तिच्या ऑब्जेक्ट्सच्या क्रमांकांची, मर्यादा मुळात प्रत्येक प्रोसेसला १०,००० असते. असं हँडल धरणारं डॉटनेटमधलं ऑब्जेक्ट हीपवर अगदी छोटं, त्यामुळे हीपवर ताण येत नाही, जीसी चालत नाही आणि हँडल्स साचत जातात. मग कंट्रोल अर्धवट रंगतात, किंवा रॅम मोकळी असतानाही 'आउट ऑफ मेमरी' येतं. पेंट इव्हेंटमध्ये बनवलेलं, डिस्पोज करता येणारं प्रत्येक ऑब्जेक्ट 'युझिंग'मध्येच (काम संपताच आपोआप डिस्पोज करणाऱ्या सी-शार्पच्या ब्लॉकमध्येच) ठेवा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा कॉलम लावून विंडोचा आकार सतत बदलत राहा. आकडा चढतच राहिला, तर चूक पेंटच्या कोडमध्ये शोधा.