तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्रोलर रिसेट केला तर चालू सर्व्हर बंद पडेल का?

हा प्रश्न मला वारंवार येतो. सर्व्हर नीट चालू आहे, डेटाबेस उत्तरं देतोय, पण त्याच्या मॅनेजमेंट कंट्रोलरचं, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळता यावा म्हणून असलेल्या बीएमसीचं, वेब पान उघडत नाही. किंवा लॉगिन करून झालं की नुसतं चक्र फिरत राहतं. रिसेट मारावा तर चालू काम पडेल अशी धास्ती. म्हणून बरेच जण तो तसाच सोडून देतात आणि पुढच्या रीबूटला सुधारेल अशी आशा धरतात.

उत्तर आधी देतो: सर्व्हर बंद पडत नाही. आणि रीबूटने तो कंट्रोलर सुधारतही नाही. दोन्हींचं कारण एकच आहे. बीएमसी हा मदरबोर्डवर बसवलेला स्वतंत्र छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, फ्लॅश वेगळी. आत बरेचदा लिनक्स चालतं. तो स्टँडबाय विजेवर जगतो, त्यामुळे सर्व्हर बटणाने बंद केला तरी केबल लावलेली आहे तोवर तो जागाच असतो. तुम्ही ऑपरेटिंग सिस्टिम दहा वेळा रीबूट करा, त्याने बीएमसी रीस्टार्ट होत नाही. लोक रात्रीची मेंटेनन्स विंडो, म्हणजे सेवा थांबवायची ठरलेली वेळ, मागून घेतात, सेवा थांबवतात, सर्व्हर रीबूट करतात, आणि सकाळी बीएमसी तसाच अडकलेला. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते काम भर दुपारी, एकही सेवा न थांबवता झालं असतं.

मात्र तो नक्की किती अडकलाय ते आधी बघा. पिंगला (नेटवर्कवरून दिलेल्या साध्या हाकेला) उत्तर येतंय पण वेब पान नाही, म्हणजे बहुधा आतली वेब सेवा तेवढी मेली आहे. अशा वेळी एसएसएच (आज्ञा टाइप करायचं दुरून लॉगिन) किंवा यूडीपी ६२३ पोर्टवरचं आयपीएमआय (बीएमसीशी बोलायची जुनी प्रमाणित पद्धत) अजून जिवंत असू शकतं, आणि तिथूनच रिसेट देता येतो. पिंगही नाही, तर केबल, व्हीलॅन (स्विचवर केलेली नेटवर्कची विभागणी) आणि स्विचचं पोर्ट तपासा. बीएमसीला स्वतःचं पोर्ट नसेल, तो सर्व्हरच्याच नेटवर्क पोर्टवर वाटेकरी असेल, तर दोष नेटवर्कचा निघण्याची शक्यता बरीच.

बाहेरून काहीच चालत नसेल तर सर्व्हरच्या आतून जा. माझ्या मते हीच सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी वाट आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि बीएमसी यांच्यात मदरबोर्डवरच एक थेट मार्ग असतो, त्याला नेटवर्क लागत नाही. लिनक्सवर आयपीएमआयचे ड्रायव्हर लोड करा आणि रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ चालवा. उत्तर आलं तर ‘आयपीएमआयटूल एमसी रिसेट कोल्ड’. या वाटेने बीएमसीचा पासवर्डही विचारला जात नाही, म्हणून पासवर्ड हरवलेला असला तरी ती उघडीच असते. (सर्व्हरवर रूट असणाऱ्या माणसाच्या हातात बीएमसीही असतो, हे सुरक्षेचा विचार करतानाही ध्यानात असू द्या.) वॉर्म नावाचाही एक रिसेट आहे, पण काही बोर्ड तो मानतच नाहीत, मी सरळ कोल्ड वापरतो.

आज्ञा टाइप करताना मात्र घाई नको. ‘एमसी रिसेट’ कंट्रोलरला उठवतो, ‘चॅसिस पॉवर रिसेट’ चालू सर्व्हरच पाडतो. बीएमसीशी वेबवरून बोलायच्या नव्या पद्धतीत, रेडफिशमध्येही तेच: ‘मॅनेजर’चा, म्हणजे बीएमसीचा, रिसेट वेगळा, ‘कॉम्प्युटर सिस्टिम’चा, म्हणजे सर्व्हरचा, वेगळा. डेलच्या आयड्रॅकवर (डेलचा बीएमसी) ‘रॅकरिसेट’ नुसता रीस्टार्ट करतो, तर ‘रॅकरिसेटसीएफजी’ सगळी सेटिंग्ज पुसतो, आयपी पत्त्यासकट. एंटर दाबण्याआधी ओळ एकदा मोठ्याने वाचा.

रिसेटनंतर दोन-तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त, तो गप्प राहील. पंखे एकदम जोरात फिरू लागतील, कारण त्यांचा वेग सांभाळणाराच जागेवर नसतो. घाबरू नका आणि मध्येच दुसरा रिसेट मारू नका.

थांबायचं ते दोनच प्रसंगी. फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चालू असेल तर अजिबात हात लावू नका. आणि बीएमसीमधून जोडलेल्या आयएसओवरून (डिस्कची फाइलरूपी प्रत) इन्स्टॉलेशन चालू असेल, तर रिसेटबरोबर ती डिस्क सुटून जाईल. ते आधी पुरं होऊ द्या.

आतूनही उत्तर नाही, तर रॅकपाशी जावं लागेल. आयड्रॅक असलेल्या डेल सर्व्हरवर पुढचं सिस्टिम आयडी बटण किमान १६ सेकंद दाबून धरा. एचपीईच्या अलीकडच्या प्रोलायंटवर यूआयडी (सर्व्हर ओळखायचा दिवा लावणारं) बटण ५ ते ९ सेकंद दाबलं तर आयएलओ, म्हणजे एचपीईचा बीएमसी, शिस्तीत रीस्टार्ट होतो, १० किंवा जास्त सेकंद दाबलं तर हार्डवेअर रिसेट होतो. तेव्हाही सर्व्हर चालूच राहतो. पॉवर बटण मात्र नाही, ते शेजारीच असतं.

शेवटचा उपाय म्हणजे वीज काढणं, आणि इथेच खरी मेंटेनन्स विंडो लागते. सर्व्हर नीट बंद करा, दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढा. एकच काढून उपयोग नाही, दुसरी स्टँडबाय वीज देतच राहते. मिनिटभर थांबा, मग लावा. ब्लेड किंवा मल्टिनोड चॅसिसमध्ये (एकाच पेटीत अनेक सर्व्हर, म्हणजे नोड) केबल ओढू नका, शेजारचे नोडही जातील. तिथे तो एक नोडच बाहेर काढून परत बसवायचा.

तो परत आला की घड्याळ बरोबर आहे का ते बघा, इव्हेंट लॉग उतरवून ठेवा, आणि रिमोट कन्सोल एकदा खरोखर उघडून पाहा. काही आठवड्यांत पुन्हा अडकला, तर त्याला कोण सारखं विचारत असतं ते शोधा. मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर वेळी रेडफिशवर नवं सेशन उघडते आणि बंद करत नाही, हे फार वेळा आढळतं. सेशनची जागा मोजकीच असते, ती भरली की नवं लॉगिन नाकारलं जातं. आधी त्या स्क्रिप्टमध्ये सेशन बंद करणारी ओळ घाला. तरीही अडकत राहिला, तर मग फर्मवेअरची नवी आवृत्ती काय सुधारते ते वाचायला घ्या.