कुणापुढे काय बोलले

आमचे मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, मुक्काम सातारा. अमेरिकेच्या राजकारणात त्यांना माझ्यापेक्षा जास्त रस. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली तशी, २०२४ च्या उन्हाळ्यापासून दर फोनला त्यांचा प्रश्न ठरलेला: "अगं, बाकी राहू दे. टेक्नॉलॉजीबद्दल कोण काय म्हणतंय ते सांग. म्हणजे तुमच्या व्हिसाचं कळेल."

मामांच्या हिशेबात टेक्नॉलॉजीचं धोरण म्हणजे एच-वन-बी, परदेशी कुशल माणसांना मिळणारा नोकरीचा व्हिसा, आणि उरलेलं सगळं किरकोळ. त्यांना हसायचं कारण नाही. दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच-वन-बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीयांचे असतात, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी घरांत हाच हिशेब चालतो. इथे ओहायोत मात्र मतदाराला एच-वन-बी म्हणजे काय ते सांगावं लागतं. मी कोलंबसजवळ राहते, नोकरी करते, कर भरते, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे मला मत नाही. शेजारच्या घरातली वाटणी बघावी तशी मी ही निवडणूक बघितली. भिंत तेवढी सामाईक.

मामांना धड उत्तर द्यावं म्हणून दोन्ही पक्षांचे जाहीरनामे वाचायला घेतले. रिपब्लिकन पक्षाचा जाहीरनामा जेमतेम सोळा पानांचा. त्यात तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांचा एआयच्या सुरक्षित वापराबद्दलचा आदेश रद्द करू आणि बिटकॉइन माइन करण्याचा, म्हणजे कम्प्युटर चालवून ती मिळवण्याचा, हक्क राखू, एवढं दोन-चार वाक्यांत उरकलेलं. डेमोक्रॅटिक पक्षाचा जाडजूड. पण बायडेन २१ जुलैला शर्यतीतून बाहेर पडले, तरी ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात मंजूर झालेल्या त्या कागदात बायडेन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्याच गोष्टी. उमेदवार कमला हॅरिस, मजकूर बायडेन यांचा. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या खात्याची परिपत्रकं अशीच असायची. साहेब बदलला तरी सही जुन्याची."

वादविवादात तरी काही कळेल असं वाटलं होतं. १० सप्टेंबरला ट्रम्प आणि हॅरिस फिलाडेल्फियात समोरासमोर आले, त्याच दिवशी गौरींचं आवाहन होतं. मैत्रिणीकडे गौरी उभ्या राहिल्या, मुखवटे नीट बसेनात म्हणून थोडी धांदल झाली, आणि रात्री नऊला आम्ही सगळ्या काठापदराच्या साड्यांतच टीव्हीसमोर बसलो. कम्प्युटरच्या चिप्सचा विषय निघाला खरा. हॅरिस म्हणाल्या, ट्रम्प यांच्या काळात अमेरिकी चिप्स चीनला विकल्या गेल्या आणि त्यांचं लष्कर सुधारलं. एआय आणि क्वांटम कम्प्युटिंगची शर्यत आपण जिंकली पाहिजे. ट्रम्प म्हणाले, चिप्स तर चीनने तैवानकडून घेतल्या, आपण हल्ली बनवतोच कुठे. झालं, संपला विषय. आणि मग स्प्रिंगफिल्डमध्ये स्थलांतरित लोक कुत्री-मांजरं खातात हे ट्रम्प यांचं वाक्य आलं. स्प्रिंगफिल्ड आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. खोलीत कुणी हसलं नाही. रोख तिथल्या हैतीच्या लोकांवर होता, आमच्यावर नव्हता, पण अशा बाबतीत कोण फरक करत बसतं? त्या आठवड्यात तिथल्या शाळा बॉम्बच्या धमक्यांमुळे रिकाम्या कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला तोच विषय. चिप्सचं कुणी नावही काढलं नाही.

खरं तर चिप्सची गोष्ट आमच्या दारातलीच. कोलंबसच्या ईशान्येला लिकिंग काउंटीत, न्यू ऑल्बनीच्या पलीकडे, मका आणि सोयाबीनची शेतं होती. तिथे दोन कारखाने काढायची घोषणा चिप्स बनवणाऱ्या इंटेल कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये केली. वीस अब्ज डॉलर, तीन हजार नोकऱ्या, उत्पादन २०२५ ला सुरू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिप्स कायदा झाला, चिप्स इथेच बनवणाऱ्यांना अनुदान देणारा, साधारण ५२ अब्ज डॉलरचा, आणि सप्टेंबरमध्ये बायडेन स्वतः येऊन त्या मातीत उभे राहिले. घरांचे भाव तेव्हापासून चढले ते चढलेच. त्या बाजूला गेलं की शेतांच्या मागे क्रेन दिसतात आणि रस्ते एकदम रुंद होतात, कुठल्यातरी मोठ्या जत्रेची तयारी करून ठेवावी इतके. जत्रा मात्र लांबली: फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की पहिला कारखाना २०३० च्या आधी पुरा होत नाही.

निवडणुकीच्या तोंडावर ऑक्टोबरमध्ये जो रोगनच्या पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले, हा चिप्सचा सौदाच वाईट. अनुदान कशाला, आयात कर लावा, कंपन्या आपोआप येतील. निवडून आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्याच सरकारने त्या अनुदानाच्या पैशातून इंटेलचे जवळपास दहा टक्के शेअर घेतले. म्हणजे अनुदान नको, भागीदारी हवी! सरकारी खात्यात जन्म गेलेल्या मामांना याचा फार आनंद झाला. "बघ, शेवटी सगळे आमच्याच वाटेला येतात."

ही कोलांटउडी एकटी नाही. टिकटॉकवर बंदी घालायचा आदेश ट्रम्प यांनीच ऑगस्ट २०२० मध्ये काढला होता. मार्च २०२४ मध्ये ते बंदीच्या विरोधात गेले आणि जूनमध्ये त्यांनी तिथे खातं उघडलं. दुसऱ्या बाजूचा कारभारही काही धुतल्या तांदळासारखा नाही. बायडेन यांच्या प्रचाराचं खातं फेब्रुवारीत टिकटॉकवर आलं, एप्रिलमध्ये त्यांनीच "विका नाहीतर बंद करा" या कायद्यावर सही केली, आणि जुलैमध्ये हॅरिस त्याच ॲपवर हजर. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत गेलं. इथे कायदा झाला, कोर्टं झाली, आणि तरीही माझ्या सहकाऱ्याची मुलगी रोज त्यावर नाचतेय.

बिटकॉइनचंही तेच. २०२१ मध्ये ट्रम्प यांना तो घोटाळा वाटत होता. २७ जुलै २०२४ ला नॅशव्हिलमध्ये बिटकॉइनवाल्यांच्या परिषदेत ते म्हणाले की सरकारी साठा ठेवू आणि शेअर बाजाराच्या नियामक आयोगाचे प्रमुख गॅरी गेन्सलर यांना पहिल्याच दिवशी काढू. सभागृहात एवढ्या टाळ्या पडल्या की ते स्वतःच चकित झाले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तो व्हिडिओ बघताना मला या सगळ्याची किल्ली सापडली असं वाटलं. उमेदवार काय म्हणाला हे नंतर बघावं. आधी समोर कोण बसलं होतं ते बघावं. हॅरिस यांनाही क्रिप्टोबद्दल, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांबद्दल, बोलावं लागलं, ते ऑक्टोबरमध्ये, कृष्णवर्णीय पुरुषांसाठीच्या आर्थिक योजनेतला एक मुद्दा म्हणून.

ओहायोत तर समोर कोण बसलंय हे टीव्हीवरच दिसत होतं, फक्त ओळखू येत नव्हतं. इथले डेमोक्रॅटिक सिनेटर शेरॉड ब्राउन बँकिंग समितीचे अध्यक्ष, क्रिप्टोकडे संशयाने बघणारे. त्यांच्या विरोधातल्या बर्नी मोरेनो यांच्यासाठी क्रिप्टो कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या गटाने सुमारे चार कोटी डॉलर ओतले. फुटबॉलची मॅच लावली की मध्ये तीच जाहिरात. मोरेनो कसे कष्टाने वर आले, कसे बाणेदार आहेत, सगळं त्यात होतं. क्रिप्टो हा शब्द नव्हता. मोरेनो जिंकले. माझ्या शेजारच्या आजोबांना आजही सांगून पटत नाही की त्या जाहिरातींचा बिटकॉइनशी काही संबंध होता.

आता मामांचा व्हिसा. जून २०२४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार चालवतात त्या ऑल-इन पॉडकास्टवर ट्रम्प म्हणाले, इथल्या कॉलेजातून पदवी घेतली की पदवीबरोबर ग्रीन कार्डही आपोआप मिळालं पाहिजे. काही तासांतच त्यांच्या प्रचाराकडून खुलासा आला: कसून छाननी होईल, फक्त अतिशय कुशल लोकांना मिळेल. खुलासा साताऱ्याला पोचला नाही. मूळ वाक्य मात्र व्हॉट्सॲपवरून पोचलं, आणि मामांनी मला पहाटे उठवून पेढे मागितले. हेच ट्रम्प मार्च २०१६ मध्ये म्हणाले होते की स्वस्त मजुरीसाठी होणारा एच-वन-बीचा वापर मी कायमचा बंद करीन, आणि जून २०२० मध्ये त्यांनी नव्या एच-वन-बीवाल्यांचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबवलाही.

हॅरिस यांची बाजू कागदावर आमच्या सोयीची होती. नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. लोकसंख्या काहीही असो, भारताला आणि आइसलँडला तीच मर्यादा. ती काढायचं विधेयक २०१९ मध्ये सिनेटमध्ये आलं ते रिपब्लिकन माइक ली आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस यांच्या नावाने. प्रतिनिधिगृहाने आपला मसुदा ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर केला, सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ बसायच्या आत त्या संसदेची मुदत संपली. तेव्हा त्या कॅलिफोर्नियाच्या सिनेटर होत्या, या रांगेतले हजारो लोक त्यांच्या राज्यात राहत होते. २०२४ च्या प्रचारात मी वाट बघत राहिले, पण या विषयावर कानावर काही आलं नाही. निवडणुकीचा निकाल ठरवणाऱ्या पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगनच्या मतदारांना या रांगेचं काय?

एआयबद्दल मात्र दोघांत खरा फरक होता. बायडेन यांचा आदेश ऑक्टोबर २०२३ चा. त्यानंतर दोनच दिवसांनी हॅरिस लंडनला बोलल्या. तिथे जो तो यंत्रं मानवजात संपवतील का, याची चर्चा करत होता. त्यांनी साधा मुद्दा काढला: सदोष अल्गोरिदममुळे एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं आरोग्य विम्याचं संरक्षण गेलं, तर त्याच्यापुरतं ते अस्तित्वाचंच संकट नाही का? मी विमा क्षेत्रातलं सॉफ्टवेअर तपासते, त्यामुळे हे वाक्य मला थेट माझ्या टेबलावरचं वाटलं. क्लेम नाकारला गेला तर कारणाच्या रकान्यात एक सांकेतिक क्रमांक येतो. तो का आला, हे विचारणारी शेवटची माणसं आम्ही. ट्रम्प यांनी शपथविधीच्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ ला, तो आदेश रद्द केला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काहीही बदललं नाही. इथे विम्याचे नियम राज्यं करतात. आमची फाइल तपासायला माणूस येतो तो राज्याच्या विमा विभागाचा. म्हणूनच २०२५ च्या उन्हाळ्यात राज्यांना एआयचे कायदे करायला दहा वर्षं मनाई करायचा घाट घातला गेला, तेव्हा आम्ही कान टवकारले. सिनेटने तो ९९ विरुद्ध १ ने उडवला. अध्यक्षपदाच्या वादविवादातल्या सगळ्या वाक्यांपेक्षा त्या मताने माझ्या कामावर जास्त परिणाम झाला.

ब्रॉडबँडचं ऐकून मामा हळवे झाले. खेड्यांत इंटरनेट नेण्याचं काम बायडेन यांनी हॅरिस यांच्याकडे सोपवलं होतं. त्यासाठी २०२१ च्या कायद्यात ४२ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम ठेवली होती, आणि निवडणूक आली तरी त्यातून एकाही घरात जोडणी गेली नव्हती. नकाशे, आक्षेप, राज्यांचे आराखडे, पुन्हा आक्षेप. मामांनी ग्रामपंचायतीपर्यंत येऊन थांबलेल्या फायबरच्या केबल पाहिल्या आहेत. "तिकडेही?" एवढंच म्हणाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र व्हिसाने सगळ्यांची झोप उडवली. १९ तारखेला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा केली. अंमल रविवारपासून. शेजारी उभे असलेले वाणिज्यमंत्री म्हणाले की हे दरवर्षी भरायचं. एक मैत्रीण वडिलांच्या श्राद्धासाठी पुण्याला गेलेली. रविवारी सर्वपित्री अमावस्या, आणि ही मुंबई विमानतळावर मिळेल ते तिकीट शोधतेय. तिकीट काढून झालं तेव्हा शनिवारी खुलासा आला: फक्त नवे अर्ज, आणि एकदाच.

मामांना मी माझं सूत्र मोठ्या ऐटीत सांगितलं, की समोर कोण बसलंय ते बघा, भूमिका कळते. त्यांनी ते नोव्हेंबरपर्यंत ठेवून घेतलं. मग ट्रम्प यांची फॉक्स न्यूज वाहिनीवरची मुलाखत झाली. घेणाऱ्या लॉरा इनग्रहॅम, म्हणजे स्थलांतराच्या पक्क्या विरोधक. त्यांच्याच तोंडावर ट्रम्प म्हणाले, काही कौशल्यं तुमच्याकडे नाहीतच, माणसं बाहेरून आणावी लागतात. मामांचा लगेच फोन. "काय गं, इथे तर समोर विरोधक बसलेली. तुझं सूत्र?"

मी म्हटलं, अपवाद. ते म्हणाले, बरं, मग पुढचं सांग. २०२८ ला उपाध्यक्ष व्हान्स उभा राहिला तर? तुमच्या ओहायोचा आहे. सासुरवाडी मूळची आंध्रची, म्हणजे आपल्याकडे जरा कल असणारच. मी त्यांना सांगितलं की जुलैमध्ये वॉशिंग्टनला ऑल-इनवाल्यांच्याच एआय परिषदेत व्हान्स यांनी बड्या कंपन्यांना झापलं: इथली नऊ हजार माणसं काढता आणि मग इथे कामगार मिळत नाहीत म्हणून परदेशी व्हिसे मागता, हे चालणार नाही. समोर बसलेल्यांना आवडेल असं त्यात काहीच नव्हतं.

मामा थोडा वेळ गप्प होते. "सासऱ्यांशी पटत नसेल," म्हणाले.