तांब्यातून झिणझिण्या

पवना धरणाजवळच्या एका फार्महाऊसवरून ऑक्टोबरात फोन आला. "मागच्या अंगणातल्या सॉनात पाणी टाकताना हाताला झिणझिण्या येतात." लाकडी खोली, आत विजेच्या हीटरवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी टाकून वाफ घ्यायची. मावळात हे कुणाला सुचतं, असं मी गिऱ्हाइकाला विचारत नाही.

मेन बंद करून हीटरचं खालचं झाकण उघडलं. ९ किलोवॉटचा थ्री फेज हीटर, म्हणजे प्रत्येक फेजला साधारण १३ अँपिअर. केबलची जाडी योग्य होती. पण अर्थिंगची हिरवी वायर टर्मिनलवर नव्हतीच, टेप गुंडाळून कोपऱ्यात दाबलेली. डीबीत, म्हणजे स्विचांच्या पेटीत पाहिलं, तर आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) सोडून बाहेरूनच सरळ जोडणी. राखणदार मामा म्हणाले, "आधीच्या वायरमननं केलं, भाऊ. पाऊस लागला की ते बटण सारखं पडायचं."

पडणारच. हीटरच्या कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतली ओल पिते. महिनोन् महिने बंद राहिलेला हीटर चालू केला की करंट बॉडीकडे गळतो. आरसीसीबी तेच सांगत होता. त्यात इथं अर्थिंगही तोडलेलं, मग करंट शोधणार माणूसच. लाकडी ओगराळं मोडलं म्हणून पाहुणे स्टीलच्या तांब्यानं पाणी ओतत होते. तेही ओल्या पायांनी!

मालक पुस्तिका घेऊन आले. "यात तर लिहिलंय, आरसीसीबीतून सप्लाय देऊ नका." फिनलंडच्या काही हीटरच्या पुस्तिकेत असं लिहिलेलं असतं खरं.

"साहेब, तिकडे चालत असेल. तुमचा अर्थिंगचा खड्डा आधी दाखवा."

खड्डा जास्वंदीखाली सापडला. पट्टी गंजून तुटलेली. तो नवा करून घेतला, मगच पुढचं काम. गळती तपासायचा मेगर लावला तेव्हा दोन कॉइल ठणठणीत, तिसरीत गळती. बॉडीला अर्थिंग पक्कं करून, सॉनाला कुलूप लावून, मी डीबीपाशी उभा राहिलो आणि हीटर रिकामाच तापवला. निवल्यावर पुन्हा मेगर घेतला, तिसरीही कोरडी झाली होती. हीटरसाठी ३० मिलीअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी बसवला, म्हणजे तो पडला तरी बाकी घरात अंधार नको.

छताजवळच्या दिव्याची वायर साधी पीव्हीसीची. तिची मर्यादा ७० अंश, आणि सॉनात छतापाशी ९० अंश सहज होतात. चिमटीत वाकवली तर वरचं आवरण पापडासारखं मोडलं, आतलं तांबं उघडं. तिथं १८० अंश सोसणारी सिलिकॉन वायर हवी.

"एवढी महाग?" साहेबांनी विचारलं. हीटर परदेशी, दगड परदेशी, घासाघीस मात्र वायरीवर. मी भाव सोडला नाही. मामांना सांगून ठेवलं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हीटर रिकामा तापवा, बटण पडलं तर मला फोन करा. आणि तांब्या स्वयंपाकघरात ठेवून या.